एक लॅपटॉप, दोन कार्यप्रणाली आणि सामाईक कप्पा



दोन पाळ्यांत भरणारी शाळा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कित्येकांनी अशा शाळेत नोकरीही केली असेल. इमारत एकच असते. सकाळी एका मुख्याध्यापकांचा अंमल, दुपारी दुसऱ्यांचा. फळा तोच, बाके तीच, घंटाही तीच; शिस्त मात्र ज्याची त्याची. अशा शाळेत वर्गखोल्यांवरून तंटा क्वचितच होतो. तंटा होतो तो कपाटावरून. नोंदवही कोणी कोठे ठेवली, किल्ली कोणाकडे राहिली, सकाळच्या पाळीने अर्धवट लिहिलेले पान दुपारच्या पाळीने कसे वाचावे, ह्यावरून होतो.

एका लॅपटॉपवर दोन कार्यप्रणाली बसविणे हे अशी दोन पाळ्यांची शाळा चालविण्यासारखेच आहे. दोन्ही प्रणाली बसविणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते दोघींच्या सामाईक कपाटाची शिस्त राखणे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या शिस्तीचा विचार करावयाचा आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय व दोन कशासाठी?

संगणक सुरू झाल्यावर पडदा, कळफलक, साठवण, छपाईयंत्र ह्या सर्वांवर देखरेख ठेवणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही त्यांतील बहुपरिचित. लिनक्स ही दुसरी. तिच्या गाभ्याचा प्रारंभ १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने केला. पुढे जगभरच्या जाणकारांनी ती वाढविली व आज ती विनामूल्य उपलब्ध आहे. उबुंटू, मिंट इत्यादी तिचीच रूपे होत. आपल्या देशात सी-डॅक ह्या शासकीय संस्थेने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाचे रूप सिद्ध केले आहे. केरळ राज्यातील शाळांमध्ये तर अनेक वर्षांपासून लिनक्सवरच संगणकशिक्षण चालते.

कळमनुरी तालुक्यासारख्या ग्रामीण भागात हा प्रश्न आताच का उपस्थित व्हावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, लोकवर्गणीतून किंवा निरनिराळ्या योजनांतून शाळांना मिळालेले पुष्कळसे लॅपटॉप विंडोज १० वर चालणारे आहेत. ह्या प्रणालीच्या सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. विंडोज ११ ही पुढची प्रणाली साधारणतः २०१८ पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. यंत्र धडधाकट आहे, परंतु त्याचा पहारेकरी निवृत्त झाला आहे, अशी ही स्थिती होय.

अशा वेळी विंडोज सर्वस्वी काढून टाकावी, तर जुन्या मराठी टंकलेखनाच्या आज्ञावली, काही शैक्षणिक चकत्या व एखादे जुने छपाईयंत्र अडून बसते. ती तशीच ठेवून महाजालावर वावरावे, तर धोका वाढत जातो. म्हणून मध्यम मार्ग हा की, महाजालाचे काम, यू-डायसच्या नोंदी, दीक्षावरील पाठ इत्यादी गोष्टी लिनक्समध्ये कराव्यात आणि जेथे विंडोजवाचून चालतच नाही तेवढेच काम विंडोजमध्ये करावे. ज्या शाळेला विंडोजची मुळीच गरज नाही, तिने दोन पाळ्यांचा हा खटाटोप करूच नये. एक प्रणाली नीट चालविणे हे दोन अर्धवट चालविण्यापेक्षा केव्हाही बरे.

कप्प्यांची भाषा

लॅपटॉपमधील हार्ड डिस्क हे एक मोठे कपाट समजावे. त्याचे कप्पे पाडता येतात. प्रत्येक कप्प्यात वस्तू मांडण्याची एक पद्धत असते. विंडोजच्या पद्धतीला एनटीएफएस व लिनक्सच्या रूढ पद्धतीला एक्स्ट-४ असे नाव आहे.

मराठवाड्यातील शिक्षकांना ही गोष्ट समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्या काळची उर्दू व मोडी लिपीतील दप्तरे आजही जुन्या कचेऱ्यांत आहेत. कागद शाबूत आहे, शाई स्पष्ट आहे, तरीही ती लिपी जाणणारा मिळेपर्यंत कागद मुका राहतो. एक्स्ट-४ पद्धतीचा कप्पा विंडोजपुढे असाच मुका राहतो. उलट लिनक्सला मात्र एनटीएफएस वाचताही येते व लिहिताही येते. म्हणून सामाईक कप्पा दोघींना कळेल अशा एनटीएफएस पद्धतीनेच मांडावा. एक्सफॅट ही पद्धतही दोघींना समजते. परंतु लिहिता लिहिता वीज गेली तर सावरण्याची सोय एनटीएफएसमध्ये आहे, तशी एक्सफॅटमध्ये नाही. जुन्या फॅट-३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, हाही दोष ध्यानी घ्यावा.

एवंच, कपाटाचे तीन मुख्य कप्पे होतात: एक विंडोजचा, एक लिनक्सचा व एक सामाईक. ह्यांखेरीज यंत्र सुरू करण्याच्या आज्ञा जेथे असतात असा एक चिमुकला कप्पा नव्या पद्धतीच्या यंत्रांत आधीच असतो. त्याला ईएफआय कप्पा म्हणतात. दोन्ही प्रणालींच्या आज्ञा त्यात शेजारी शेजारी राहतात. तो कधीही पुसू नये.

मापाचे उदाहरण घेऊ. २५६ जीबीची म्हणून विकलेली डिस्क विंडोजच्या मोजणीने सुमारे २३८ जीबी भरते. तीत विंडोजला १००, लिनक्सला ४० व बाकीचे सुमारे ९८ जीबी सामाईक कप्प्याला द्यावे. ५०० जीबीची डिस्क सुमारे ४६५ भरते. तेथे अनुक्रमे १२०, ६० व २८५ अशी वाटणी सोयीची पडते. लिनक्सला २५ जीबीहून कमी जागा देऊ नये.

बसविण्यापूर्वीची सिद्धता

जडसंग्रह नोंदवहीत चढलेला लॅपटॉप शाळेचा आहे, आपला नव्हे. यास्तव मुख्याध्यापकांची संमती घेऊन व शाळा व्यवस्थापन समितीला कल्पना देऊनच हे काम हाती घ्यावे. त्यानंतर पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली गोष्ट, सर्व फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे.

दुसरी, विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ ह्या शब्दांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. ‘यूईएफआय’ असल्यास यंत्र नव्या पद्धतीचे आहे. ‘लेगसी’ असल्यास जुन्या पद्धतीचे आहे व त्यात बहुधा चारांहून अधिक मुख्य कप्पे पाडता येत नाहीत. अशा यंत्राचे काम जाणकाराच्या उपस्थितीतच करावे.

तिसरी, ‘बिटलॉकर’ अथवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाचे कुलूप चालू आहे काय ते तपासावे. असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून, पाकिटात घालून कपाटात ठेवावी. नंतर ते बंद करावे व उलगडण्याची क्रिया पूर्ण होऊ द्यावी. किल्ली हाती नसता पुढे गेल्यास विंडोज आपल्याच घराचे दार उघडत नाही.

चौथी, ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, बंद करण्याच्या बटणाने काय व्हावे हे ठरविण्याच्या पानावर तिची खूण असते. ती काढावी. ही चौथी गोष्ट का महत्त्वाची, हे पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

पाचवी, बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जरही जोडलेला असावा. कप्पे पाडत असता वीज जाणे म्हणजे भिंत अर्धी पाडून गवंडी निघून जाणे होय. भारनियमनाची वेळ टाळावी.

प्रत्यक्ष कृती

विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून सी ह्या कप्प्यावर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ ही आज्ञा द्यावी. वरील उदाहरणात १३८ जीबी जागा मोकळी करावयाची आहे. काही फाइली जागच्या हलत नसल्याने तेवढी जागा एकदम मिळेलच असे नाही. मिळेल तेवढीत वाटणी बसवावी. मोकळ्या जागेतून सामाईक कप्पा तेथेच निर्माण करावा, त्याची पद्धत एनटीएफएस ठेवावी व त्यास ‘शाळा’ असे नाव द्यावे. लिनक्ससाठी ठेवलेली जागा तशीच रिकामी राहू द्यावी.

दुसऱ्या टप्प्यात १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटूची प्रत ‘रूफस’सारख्या साधनाने उतरवावी. पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते, हे विसरू नये. उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये निघाली व तिच्या नेहमीच्या सुधारणा २०२९ पर्यंत मिळावयाच्या आहेत. ज्या यंत्रात स्मरणशक्ती ४ जीबीच आहे, तेथे मिंटचे हलके रूप अधिक बरे चालते.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केल्यावर लगेच बसविण्याची घाई करू नये. ‘ट्राय’ हा पर्याय निवडून वायफाय, आवाज, पडदा व छपाईयंत्र चालते की नाही हे पाहावे. अशाने डिस्कला धक्का लागत नाही.

बसविताना एक प्रश्न येतो, त्याच्या उत्तरावर सर्व अवलंबून आहे. ‘संपूर्ण डिस्क पुसावी’ ह्या अर्थाचा जो पर्याय असतो, त्यास स्पर्शही करू नये. कप्पे स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा, रिकाम्या ठेवलेल्या जागेत एक्स्ट-४ पद्धतीचा एकच कप्पा करावा व लिनक्सचे मूळ स्थान दाखविणारी तिरपी रेघ त्याला नेमून द्यावी. ईएफआय कप्पा वापरावा, पण त्याच्या पुसण्याची खूण करू नये. ‘सिक्युअर बूट’ चालू असले तरी उबुंटू बसते, म्हणून ते विनाकारण बंद करू नये.

काम संपल्यावर यंत्र पुन्हा सुरू केले म्हणजे पडद्यावर दोन्ही प्रणालींची नावे येतात. बाण फिरवून हवी ती निवडावी. विंडोजच्या एखाद्या मोठ्या सुधारणेनंतर ही यादी दिसेनाशी झाली, तर लिनक्स नाहीशी झाली असे समजून घाबरू नये. बहुधा क्रम बदललेला असतो, व तो यंत्राच्या मूळ मांडणीत जाऊन पूर्ववत करता येतो.

शेवटी लिनक्समधील ‘डिस्क्स’ ह्या साधनात जाऊन ‘शाळा’ हा कप्पा यंत्र सुरू होताच आपोआप उघडावा अशी योजना करावी. विंडोजमध्येही ‘डॉक्युमेंट्स’चे स्थान त्याच कप्प्यात हलवावे. मग एका बाजूने लिहिलेले पत्र दुसऱ्या बाजूने निमूटपणे उघडते.

फास्ट स्टार्टअपचा धोका

आता त्या चौथ्या गोष्टीकडे वळू. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक युक्ती आली. आपण ‘शट डाउन’ म्हणतो तेव्हा ती पूर्णतः बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ती झोपी जाते व दुसऱ्या दिवशी तीच स्थिती वाचून जागी होते. सकाळच्या पाळीचे मुख्याध्यापक नोंदवही न मिटता, कोणत्या पानावर काय आहे हे मनात ठेवून घरी गेले, तसा हा प्रकार होय. दुपारच्या पाळीने मध्येच काही पाने लिहिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळचे मुख्याध्यापक आपल्या कालच्या आठवणीप्रमाणे त्यांवरच लिहू लागतात.

लिनक्स सावध असते. अशा वेळी ती बहुधा तो कप्पा केवळ वाचण्यापुरताच उघडते. तथापि ही सावधगिरी प्रत्येक वेळी कामास येतेच असे नाही. त्यातून पुष्कळजण ‘लिहिता का येत नाही?’ म्हणून जबरदस्तीने कप्पा उघडण्याची आज्ञा शोधून काढतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका शाळेत अशी दुहेरी व्यवस्था मीच लावून दिली होती. कप्पे नीट पाडले, दोन्ही प्रणाली चालू करून दाखविल्या, गुरुजींनी आनंदाने चहा पाजला आणि मी निघून आलो. फास्ट स्टार्टअपची खूण काढावयाची मात्र राहिली. वार्षिक मूल्यमापनाचे दिवस आले. गुरुजींनी दुपारी विंडोज बंद केली, रात्री लिनक्समध्ये बसून तीन वर्गांच्या गुणनोंदी सामाईक कप्प्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी विंडोज सुरू केली तो त्या फाइलींचा मागमूस नाही. विंडोजने डिस्क दुरुस्त करू का म्हणून विचारले, त्यांनी होकार दिला व जे काही उरले असते तेही गेले. उत्तरपत्रिका कपाटात होत्या म्हणून बरे. दोन रात्री जागून सर्व नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. गुरुजी मला एक शब्दही बोलले नाहीत. पण ‘साहेब, आपली जुनी वहीच बरी होती’ एवढे त्यांनी म्हटले. दोष यंत्राचा नव्हता, त्यांचाही नव्हता. अर्धे शिकवून निघून आलेल्या माझा होता.

त्या वाक्याने मला जे शिकविले ते असे. मुलांच्या नोंदी गमावलेला शिक्षक नव्या साधनाकडे पुन्हा सहजासहजी वळत नाही. म्हणून एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा: एका प्रणालीने पूर्ण निरोप घेतल्यावाचून दुसरीने सामाईक कप्प्यात लिहू नये. विंडोजमध्ये ‘स्लीप’ किंवा ‘हायबरनेट’ करून लिनक्समध्ये जाऊ नये. हाच नियम लिनक्सकडूनही पाळावा. फास्ट स्टार्टअप बंद आहे की नाही अशी शंका असेल, तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ करून यादीतून लिनक्स निवडावी, कारण ‘रिस्टार्ट’मध्ये विंडोज पूर्ण बंद होते. मोठ्या सुधारणेनंतर ती खूण पुन्हा तपासावी. आणि कप्पा वाचण्यापुरताच उघडला, तर तो अडथळा नसून इशारा आहे असे समजून विंडोजमध्ये परत जावे व ती नीट बंद करावी.

आणखी काही बारीक गोष्टी

घड्याळ: यंत्रातील घड्याळ विंडोज स्थानिक वेळेने वाचते, तर लिनक्स त्यास जागतिक वेळ समजते. आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज उघडल्यास सकाळच्या साडेदहाला घड्याळ पहाटेचे ५ दाखविते. फाइलींवरील वेळा चुकल्या की नवी प्रत कोणती व जुनी कोणती हे कळेनासे होते. लिनक्समधील ‘टाइमडेटसीटीएल’ ह्या आज्ञेने तिला स्थानिक वेळ पाळावयास सांगितले म्हणजे हा घोळ मिटतो.

नावे: फाइलीच्या नावात विसर्गासारखे दिसणारे दोन टिंबांचे चिन्ह, प्रश्नचिन्ह, फुली किंवा तिरपी रेघ घालू नये. लिनक्स त्यांतील काही चिन्हे चालवून घेते. विंडोज घेत नाही. इंग्रजी नावांत लिनक्स लहान व मोठी अक्षरे निराळी मानते, विंडोज मानीत नाही. देवनागरीत लहानमोठी अक्षरेच नसल्याने ही अडचण मराठी नावांना येत नाही. तेव्हा ‘इयत्ता चौथी गुणनोंद’ असे सरळ मराठी नाव देण्यात सोयही आहे व शोभाही.

लिपी: युनिकोड पद्धतीने लिहिलेले मराठी दोन्ही प्रणालींत सारखेच दिसते. जुन्या, विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेल्या पद्धतीने लिहिलेली परिपत्रके मात्र तो फाँट नसलेल्या ठिकाणी निरर्थक अक्षरांचा ढीग दाखवितात. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे मिळतो व एकदा शिकला की दोन्हीकडे उपयोगी पडतो.

गोपनीयता: सामाईक कप्प्याला कुलूप नाही. विंडोजचा परवलीचा शब्द लिनक्सपुढे त्या कप्प्याचे रक्षण करीत नाही. म्हणून विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँकखात्यांचे तपशील इत्यादी माहिती तेथे उघडी ठेवू नये.

नक्कल: सामाईक कप्पा म्हणजे नक्कल नव्हे, हे ठामपणे सांगणे अवश्य आहे. कप्पे तीन असले तरी डिस्क एकच आहे. ती बिघडली तर तिन्ही कप्पे एकाच वेळी जातात. दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी ‘शाळा’ कप्प्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता निराळ्या कपाटात ठेवावी.

समारोप

व्यवस्था पूर्ण झाल्यावर एक लहानशी परीक्षा घ्यावी. विंडोजमध्ये ‘शाळा’ कप्प्यात एक मराठी वाक्य लिहून ठेवावे. यंत्र बंद करून लिनक्समध्ये ते उघडावे, त्याखाली दुसरे वाक्य लिहावे, पुन्हा विंडोजमध्ये जाऊन दोन्ही वाक्ये दिसतात का ते पाहावे. अशी तीनदा ये-जा केल्यावरच मुलांच्या नोंदी त्या कप्प्याच्या स्वाधीन कराव्यात. आणि हे सर्व एकाच शिक्षकाला ठाऊक असणे पुरेसे नाही. त्यांची बदली झाली तर मागे राहणाऱ्यांनाही ते आले पाहिजे. म्हणून भिंतीवरचा नियम, किल्लीचे पाकीट व नक्कल घेण्याचा वार ह्यांची नोंद प्रभार देण्याच्या यादीत करावी.

दोन पाळ्यांची शाळा इमारतीच्या मजबुतीवर जेवढी चालते, त्याहून अधिक ती एका पाळीने दुसरीसाठी कपाट नीट लावून ठेवण्याच्या सवयीवर चालते. लॅपटॉपचेही तसेच आहे.